भरल्याशिवाय होडी सुटत नाही

पंढरपूरला आलेला माणूस देवासमोर उभा राहतो तो किती वेळ? रांगेत तासन् तास जातात, आषाढी-कार्तिकीला तर रात्रही रांगेतच उजाडते, आणि पायांवर डोकं टेकल्याचं धड कळायच्या आत मागचा लोंढा त्याला पुढे ढकलून देतो. याबद्दल कुरकुर करणारा वारकरी मला तरी भेटलेला नाही. वारी पोचली, पाय दिसले, संपलं. पण दर्शन झाल्यावर गाडीला अजून वेळ असतो, अंगात एक मोकळेपण आलेलं असतं, आणि मग पायच त्याला महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरवून पुन्हा चंद्रभागेकडे घेऊन जातात. तिथे होड्या उभ्या असतात.

इथला होडीचा धंदा महादेव कोळी समाजाकडे आहे, आणि नदीतच असलेल्या पुंडलिकाच्या देवळाची सेवाही याच समाजाकडे. म्हणजे ज्याने देवाला विटेवर थांबवलं त्याची पूजा आणि जे थांबायला तयार नाहीत त्यांची ने-आण, दोन्ही एकाच समाजात. होड्या रंगवलेल्या, काहींच्या कडेला झिरमिळ्या. पूर्वी वल्ही आणि बांबूवर सगळं चालायचं, आता बऱ्याच होड्यांना इंजिन आलंय. उथळ पाण्यात वाळूला तळ लागला की इंजिन बंद करून बांबूच हातात घ्यावा लागतो, हा भाग वेगळा.

जायचं कुठे, तर विष्णुपदाला. गावाच्या दक्षिणेला, गोपाळपूरच्या अलीकडे, नदीच्या पात्रातल्या खडकावरचं हे दगडी देऊळ. चारी बाजूंनी उघडं, खांबांवर तोललेलं. आत शिळेवर पावलं उमटलेली आहेत. एक जोडी समचरण, म्हणजे सरळ उभ्या देवाची. दुसरी देहुडाचरण, पाय मुडपून मुरली वाजवणाऱ्याची. शेजारी गाईंची खुरं आणि काल्याची वाटी. रुसून दिंडीरवनात येऊन बसलेल्या रुक्मिणीला शोधत कृष्ण इथवर आला, गाई-गोपाळ गोपाळपूरला ठेवले आणि या खडकावर सवंगड्यांबरोबर काला केला, अशी कथा आहे. तिथून जवळच, पात्रातच, नारदाचं देऊळ. पावसाळ्यात भीमेला, म्हणजे याच चंद्रभागेला, पाणी आलं की दोन्ही देवळांना वेढा पडतो, कधी ती बुडतातही. उन्हाळ्यात चालत जाता येतं. मधल्या दिवसांत, बंधाऱ्यात पाणी अडलेलं असलं की, विष्णुपद हे बेट असतं. १९८० साली उजनी धरण पुरं झाल्यापासून या बेटाचं बेटपण पावसाइतकंच वर धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर ठरतं. आषाढीला पाणी सोडा, सोलापूरला प्यायला पाणी सोडा, अशी मागणी दर वर्षी होते आणि त्या हिशेबात चंद्रभागा वाहते.

होडीचे दोन भाव. एक स्पेशल, म्हणजे अख्खी होडी तुमच्या कुटुंबाची. दुसरा सीटवर. सीटवर बसलात की होडी भरेपर्यंत थांबायचं. माझं मत विचाराल तर स्पेशल होडी करणाऱ्याने विष्णुपद पाहिलं, पण पंढरपुरातली एक चांगली गोष्ट पैसे देऊन टाळली. कारण सीटवरच्या होडीत कोण कुठे बसणार हे तुम्ही ठरवत नाही. होडीवाला ठरवतो, आणि तो फक्त वजन बघतो. ‘माउली, तुम्ही जरा हिकडं सरका. आजोबा, तुम्ही मदी. ताई, लेकराला मांडीवर घ्या, कडंला नको.’ मास्तर असो, मुकादम असो, महामंडळाचा माजी अध्यक्ष असो, अंगाने भारी असेल तर मध्यावर. जातपात विसरून एकमेकांच्या पाया पडणं वाळवंटात चालतं ते श्रद्धेने; होडीत ते काम तोल सांभाळण्याच्या निकडीने होतं. मला यातलं दुसरं अधिक भरवशाचं वाटतं.

अशाच एका फेरीत, मार्गशीर्षात, माझ्यासमोरच्या फळीवर परभणीकडचं एक कुटुंब होतं. मोठ्या मुलाच्या टोपीखाली नुकतंच भादरलेलं डोकं, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं गाडगं. दोन्ही हातांनी धरलेलं, पण घट्ट नाही. तान्हं मूल झोपलेलं असलं की धरतात तसं. त्याच्या डावीकडे हळदीचा रंग अजून न उतरलेलं जोडपं. नवरीच्या चुड्यातल्या दोन बांगड्या पिचल्या होत्या आणि ती सारखी त्या पदराखाली सरकवत होती. टोकाला कॉलेजची चार पोरं, मोबाइलवर गाणं लावलेलं. उजवीकडे सांगोल्याची एक आजी, तिच्यासोबत दोन सुना आणि फडक्यात बांधलेली मोठी शिदोरी. शेंगाचटणीचा वास होडीभर पसरला होता. तळाशी थोडं पाणी साचलेलं, आणि होडीवाल्याचा पोरगा अर्ध्यात कापलेल्या तेलाच्या डब्याने ते सवयीने उपसून बाहेर टाकत होता.

मार्गशीर्षात विष्णुपदाला जायचं एक खास कारण आहे. या महिन्यात देव देवळात नसतोच, असं पंढरपूरकर मानतात. तो विष्णुपदावर राहायला गेलेला असतो. (मग रांगेतून आपण दर्शन घेतो ते कुणाचं, असं एका पुजाऱ्याला मी विचारलं होतं. ‘तो दोन्हीकडं असतो, तुम्ही एकीकडं तरी नीट उभं राहा,’ असं उत्तर मिळालं.) त्यामुळे महिनाभर गावातली मंडळी डबे घेऊन तिथे जातात. भजन होतं, मग पंगत बसते: भाकरी, धपाटे, वांग्याची भाजी, दही. महिना सरताना देव वाजतगाजत देवळात परततो.

देव तिथे का जातो याची एक गोष्ट मोठी माणसं सांगतात. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला, शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ साली. त्या सोहळ्याला पांडुरंग स्वतः आळंदीला गेला होता. परत आला, पण त्याला देवळात जाववेना. एकवीस-बावीस वर्षांचं आपलं लेकरू जिवंतपणी भुयारात उतरताना पाहून आलेला तो. गावात पाऊल न टाकता नदीतल्या खडकावर जाऊन बसला. म्हणजे हा महिना देवाच्या दुःखाचा. आणि माणसं त्याच महिन्यात त्याच खडकावर धपाटे बांधून सहलीला जातात.

पहिल्यांदा ही कथा कळली तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. दुःखातल्या घरी आपण दुसरं काय करतो? शेजारचे डबे घेऊन जातात, समोर बसतात, ‘दोन घास खा’ म्हणतात आणि स्वतःही खातात. महिनाभर रोज कुणी ना कुणी डबा घेऊन येतं, लेकरं खांबांभोवती शिवाशिवी खेळतात, आणि शेवटी देव उठून कामाला लागतो.

होडीने जायच्या देवाच्या या बेटावरून मला भूमध्य समुद्रातलं आणखी एक बेट आठवतं, डिलोस. ग्रीसमध्ये मिकोनोस नावाचं प्रवाशांनी गजबजलेलं बेट आहे. तिथून अर्ध्या तासाच्या बोटीने लोक डिलोसला जातात. छोटं, उजाड, अपोलो देवाचं जन्मस्थान मानलेलं. बोट सगळ्यांची मिळून, तिकीट काढून. सकाळी जायचं, भग्न देवळं आणि संगमरवरी सिंह बघायचे आणि त्याच दिवशी परत यायचं. मुक्काम करायला बंदी. ही आजची बंदी पुरातत्त्वाच्या जपणुकीसाठी, पण डिलोसवर बंदीची परंपरा फार जुनी. इसवी सनपूर्व ४२६ मध्ये अथेन्सने बेटाचं शुद्धीकरण केलं: तिथली सगळी थडगी उकरून बाहेर नेली आणि यापुढे या बेटावर कुणी मरायचं नाही, कुणी जन्मायचंही नाही, असा कायदा केला. मरणाला टेकलेला माणूस आणि दिवस भरलेली बाई, दोघांनाही होडीत घालून पलीकडच्या ऱ्हेनिया बेटावर पोचवायचं. देव जिथे जन्मला तिथे माणसाने जन्मू नये! शुद्धतेची कल्पना एकदा डोक्यात बसली की ती कुठवर जाते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. चारच वर्षांनी, ४२२ मध्ये, शुद्धीकरण अपुरं राहिलं म्हणून अथेन्सवाल्यांनी डिलोसच्या रहिवाशांनाच बेटाबाहेर काढलं. नंतर ते परतले, ती गोष्ट निराळी.

आपणही सोवळ्याओवळ्यात काही कमी नव्हतो. पंढरपूरच्याच देवळात दलितांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं होतं. त्यामुळे ग्रीकांना हसायचा हक्क आपल्याला नाही. पण नदीने मात्र कधी निवड केली नाही. जावळ काढलेलं मूल, हळदीचं जोडपं, अस्थींचं गाडगं, सगळं एकाच पाण्यात आणि एकाच होडीत. डिलोसने ज्यांना दोन बेटांवर वाटून टाकलं ती माणसं इथे एका फळीवर मांडीला मांडी लावून बसतात.

मार्गशीर्षातल्या त्या दिवशी होडी मध्यावर आली तेव्हा गाडगं धरलेल्या मुलाने होडीवाल्याकडे नुसतं पाहिलं. होडीवाल्याने काही विचारलं नाही, इंजिन बंद केलं. आवाज थांबला तशी पोरांनी आपणहून गाणं बंद केलं. नवरा-नवरी उगाच पलीकडच्या काठाकडे बघू लागले. मुलाने फडकं सोडलं, गाडगं पाण्याशी नेलं, पण हात वाकेना. होडी त्याच्या बाजूला कलली. होडीवाला म्हणाला, ‘दादा, सावकाश. बाकीच्यांनी जरा तिकडं सरका.’ आणि आम्ही सगळे, ना नात्याचे ना गोत्याचे, दुसऱ्या कडेला सरकलो. तेवढंच करण्यासारखं होतं. आजी ‘रामकृष्णहरी’ म्हणाली. राख पाण्यावर क्षणभर पांढरी दिसली. जलपर्णीचा एक पुंजका तिथून वाहत गेला.

नदीच्या प्रदूषणाची काळजी करणाऱ्यांना हे आवडणार नाही, आणि त्यांचं म्हणणं खरंच आहे. चंद्रभागा आधीच पुरेशी सोसतेय. वरच्या शहरांचं सांडपाणी, वाळूउपशाचे खड्डे, घाटावरचं प्लास्टिक. त्या खड्ड्यांत दर वर्षी कुणी ना कुणी बुडतं. आणि होडी म्हटली की धोका आलाच. याच भीमेवर, वर उजनीच्या फुगवट्यात, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी अशी प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती सहल नव्हती. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतल्या माणसांचा तो जवळचा रस्ता होता. धरणाचं पाणी आलं आणि रस्त्याच्या जागी नाव आली. म्हणून होडीवाला लाइफ जॅकेट घाला म्हणाला की मी निमूट घालतो, ते कितीही मळकं असलं तरी. ‘पांडुरंग बघून घेईल’ असं म्हणणारे सहप्रवासी असतात. पांडुरंगाला मार्गशीर्षात आधीच पुष्कळ व्याप आहे.

विष्णुपदाला लागलो तशी फळी टाकली गेली, चपला पायऱ्यांपाशी निघाल्या. सगळे पावलांच्या शिळेवर वाकले. नवरीने वाकताना पिचलेल्या बांगड्या काढून शिळेच्या कडेला ठेवल्या. सासूबाईंना काय सांगायचं याची चिंता बहुतेक मिटली असावी. पोरांनी खुरांचे फोटो काढले. मग जो तो आपापली जागा धरून बसला. परभणीकरांकडे शिदोरी नव्हती. देवळातून तडक नदीवर आले होते ते.

सांगोल्याच्या आजीने आढेवेढे न घेता विचारलं, ‘कोण गेलं रं बाळा?’

‘वडील.’

‘वारकरी व्हते?’

‘चाळीस वर्षं. ह्या वर्षी आषाढीला पाय चालले नाहीत. म्हणाले, मग मला घेऊन जा.’

‘आन् आणलंस की!’ असं म्हणून तिने सुनेला धपाटे सोडायला लावले. मुलगा नको म्हणाला, सुतकाचं काहीतरी पुटपुटला. ‘सुतक फिटलं तुझं, डोस्कं दिसतंय मला,’ असं म्हणत तिने धपाट्यावर दह्याचा मोठा गोळा ठेवला. पोरांनाही बोलावलं, नवऱ्या मुलालाही, मलाही. चटणी सोलापुरी, सढळ हाताची. पहिल्या घासालाच नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळे हसले. मुलगाही.

परतीच्या वेळी होडीवाला नव्याने जागा लावू लागला, तर आजी त्याच्यावर खेकसली, ‘आलो तसंच बसू दे की!’ त्याने काठीवर भार देत एकदा सगळ्यांकडे पाहिलं, तोल मनात मोजला आणि म्हणाला, ‘बसा. गाडगं नाही, शिदोरी बी हलकी झाली.’ घाटाला उतरल्यावर मुलाने सगळ्यांचे पैसे द्यायचा हट्ट धरला, तो कुणी चालू दिला नाही. मग तो कॉलेजच्या पोरांना परभणीच्या एसटीची वेळ विचारू लागला. त्यातल्या एकाने मोबाइल काढला, दुसरा म्हणाला, ‘त्यात दाखवतंय ते खरं नसतं काका, स्टँडवर चला, आम्ही तिकडंच निघालोय.’