ताटलीतली बुरशी आणि हातावरचा नायटा

इंदूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढते. मग माणसाच्या कातडीची काय कथा! १९८४ च्या आषाढात आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गजकर्णाच्या बुरशीवर वनस्पतींची सुगंधी तेले तपासू लागलो, तेव्हा घरी कोणाला नवल वाटले नाही. वाटली ती किळस.

ट्रायकोफायटॉन रुब्रम ही आमची प्रतिस्पर्धी. साबूरो यांच्या माध्यमावर ती सावकाश वाढते. दोन आठवडे थांबावे, तेव्हा वर पांढरा कापूस धरतो आणि ताटली उलटी केली की तळाशी कोकमासारखा लाल रंग दिसतो. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून ट्वीन-८० घालून ते माध्यमात पसरवायचे आणि किती थोड्या तेलाने वाढ थांबते ते पाहायचे. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, गवती चहातील सिट्रल, तिघांनीही बुरशी रोखली. एकदा तर तुलनेसाठी ठेवलेल्या, तेल न घातलेल्या ताटल्याही कोऱ्याच राहिल्या! आठवडाभर डोके खाजवल्यावर उमगले : सगळ्या ताटल्या एकाच बंद डब्यात होत्या, आणि गवती चहाची वाफ शेजारी शिरली होती. प्रयोग वाया गेला. आम्ही मात्र खूश.

त्या रात्री पानावर बसून हा किस्सा आम्ही फुशारकीने सांगितला. वहिनी वाढता वाढता ऐकत होत्या.

चार दिवसांनी पुतणी रडत आली. तिच्या कोपराजवळच्या नायट्यावर वहिनींनी दाढदुखीसाठी ठेवलेले लवंगेचे तेल तसेच्या तसे चोळून वर फडके बांधले होते. कातडी लाल होऊन फोड आले होते. "भाऊजी, तुम्हीच म्हणालात ना, नुसत्या वासानंही बुरशी वाढत नाही?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ताटलीत आम्ही तेलाचा अंशमात्र घालत होतो, हे सांगायचे राहून गेले होते. ताटलीत कातडी नसते, हे तर आमच्याही ध्यानात नव्हते. नायटा डॉक्टरांच्या मलमाने गेला. तपकिरी डाग वर्षभर राहिला.

पुढे १९९२ साली ऑस्ट्रेलियात टी-ट्री या झाडाच्या तेलाचे १० टक्क्यांचे मलम पायाच्या बुरशीवर तपासले गेले. त्रास कमी झाला, पण बुरशी घालवण्यात ते तेलविरहित मलमाहून सरस ठरले नाही. २००२ च्या प्रयोगात ५० टक्क्यांच्या द्रावणाने ६४ टक्के रुग्णांची बुरशी गेली, तेलविरहित द्रावणाने ३१ टक्क्यांची. मात्र काहींची कातडी तेलानेच सुजली. ते वाचताना वहिनींचा चेहरा आठवला.

अलीकडे गजकर्ण हट्टी झाले आहे. टर्बिनाफिनला दाद न देणारी जात पसरली आहे, त्यात स्टिरॉइड मिसळलेली मलमे लोक स्वतःच आणून लावतात. लग्नाकार्यात कोणी ना कोणी आम्हाला तेल विचारतेच.

गेल्या दिवाळीत पुतणीचा फोन आला, "काका, धाकट्याच्या पाठीवर गोल चट्टा उठलाय." त्वचेच्या डॉक्टरांना दाखव आणि खाज थांबली तरी औषध मध्येच सोडू नकोस, असे आम्ही सांगितले. ती हसली. "आणि लवंगेचं तेल?"

"दाढेला," आम्ही म्हणालो. "तेही जपून."