बॉइनकाठचे पाचशे एकर

लढाई जिंकणाऱ्याने रणांगणावर स्तंभ उभारावा आणि हरणाऱ्याने त्या वाटेला पुन्हा जाऊ नये, ही जगाची रीत. हरलेल्या पक्षाने सरकारी तिजोरीतून पैसे मोजून ते रणांगण विकत घ्यावे आणि जिंकलेल्यांच्या वंशजांना सन्मानाने तिथे बोलवावे, हा प्रकार मी तरी आयर्लंडमध्येच पाहिला.

त्या जागेचे नाव ओल्डब्रिज. डब्लिनच्या उत्तरेस द्रॉहेडा म्हणून गाव आहे, त्याच्या थोडेसे वर, बॉइन नदीच्या काठी. कृष्णा-कोयना पाहिलेल्या माणसाने बॉइनला नदी म्हणताना जरा अडखळावे, इतकी ती बेताची. भरती ओसरली की पूर्वी इथून माणसे पाण्यातून चालत पलीकडे जात. १६९० सालच्या जुलैत विल्यम राजाचे डच शिपाई असेच छातीभर पाण्यातून चालत आले आणि आयर्लंडचे नशीब फिरले. त्याच सुमारास आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीला होते आणि औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला होता.

लढाई तशी घरातलीच. इंग्लंडचे सिंहासन गमावलेला कॅथॉलिक जेम्स हा विल्यमचा सख्खा मामा. आणि मामाची मुलगी केल्यामुळे सासराही तोच! ही चाल फक्त आपल्याकडेच आहे असे समजण्याचे कारण नाही. जावयाजवळ सुमारे छत्तीस हजार फौज होती, सासऱ्याजवळ पंचवीस हजारांच्या आसपास. सासरा हरला, तो थेट फ्रान्सला पळाला. त्याच्यासाठी लढलेल्या आयरिश लोकांनी त्याला मागाहून जे टोपणनाव दिले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

राजा पळाला; भोगायचे ते मागे राहिलेल्यांनी भोगले. १६८८ मध्ये आयर्लंडच्या जमिनीपैकी शेकडा २२ च्या सुमारास कॅथॉलिकांच्या हाती होती. १७०३ साली ती शेकडा १४ वर आली. उत्तर आयर्लंडमधले प्रॉटेस्टंट ऑरेंजवाले मात्र अजूनही दर १२ जुलैला ढोल बडवीत या विजयाच्या मिरवणुका काढतात, आणि बेलफास्टमधल्या घरांच्या भिंतींवर पांढऱ्या घोड्यावरचा विल्यम नदी ओलांडीत असतो. एकाची दिवाळी ती दुसऱ्याचे सुतक, अशी ही तारीख.

लढाईनंतर ही जमीन कॉडिंग्टन नावाच्या घराण्याकडे आली. १७२९ मध्ये त्यांनी ती घेतली आणि पुढे तिथे दगडी हवेली बांधली. १९९८ साली उत्तरेतला रक्तपात थांबवणारा करार झाला, आणि २००० साली आयरिश सरकारने हवेलीसह सुमारे पाचशे एकर विकत घेतले. करार कागदावर होता. त्याला उभे राहायला जमीन हवी होती, असे मला वाटते.

त्या जमिनीचे पीक लवकरच दिसले. रेव्हरंड इयन पेस्ली हे उत्तरेतले कडवे प्रॉटेस्टंट पुढारी. १९९८ च्या कराराला त्यांचा कडकडीत विरोध. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २००६ साली, आयरिश पंतप्रधान बर्टी आहर्न यांनी त्यांना अक्रोडाच्या लाकडाचा एक वाडगा भेट दिला. ते लाकूड याच रणांगणावरच्या झाडाचे! २००७ च्या मे महिन्यात पेस्ली स्वतः ओल्डब्रिजला आले आणि त्यांनी आहर्नना त्या लढाईच्या काळची बंदूक दिली. वाडग्याच्या बदल्यात बंदूक. पण ती हाती आली ती नळी समोर रोखून नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी डब्लिनला संगणकाच्या नोकरीत आहे. मला तिथे तोच घेऊन गेला. हवेलीत नकाशे, तलवारी, प्रकाशाच्या रेघांनी सैन्ये हलवून दाखवणारा देखावा आहे. त्याला तिकीट पडते. बाहेरच्या मैदानाला, बागेला, नदीकाठच्या पायवाटांना काही पडत नाही. बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, काठी टेकीत निघालेले म्हातारे आणि त्यांची कुत्री यांनी रणांगण भरून गेले होते.

“सर, इथे इतिहासासाठी फार थोडे येतात,” तो म्हणाला. “बाकीचे कुत्र्याला फिरवायला.”

मला त्यात काही वावगे वाटले नाही. आपण पानिपतला जातो, काला आंब पाहतो आणि घसा दाटल्यावाचून परतत नाही. तेही खरेच आहे. पण ज्या मातीत माणसे मेली तिथे रविवारी पोरांनी चेंडू खेळावा, यात मेलेल्यांचा अपमान होतो असे मी मानत नाही.

तिथून नदीच्या वरच्या अंगाला काही मैलांवर डाउथ आहे. न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ हे पाच हजार वर्षांपूर्वीचे तीन प्रचंड समाधि-ढिगारे. १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. न्यूग्रेंजला बसमागून बस येते. डाउथ हा त्यांतला उपेक्षित भाऊ. अठराव्या शतकातल्या नेटरव्हिल घराण्याच्या एका लॉर्डसाहेबाने या समाधीच्या माथ्यावर चहापानाची खोली बांधली होती. १८४७ मध्ये विद्वान मंडळींनी उत्खनन म्हणून माथ्याला जो खड्डा पाडला, तो अजून बुजलेला नाही. लॉर्डाने निदान चहा तरी प्यायला!

शेजारच्या डाउथ हॉलची इस्टेट अलीकडे शेतीसंशोधन करणाऱ्या एका कंपनीकडे होती. कंपनीने विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना हाताशी धरून खोदकाम केले, आणि हवेलीखाली दडलेली साडेपाच हजार वर्षांची आणखी एक समाधी २०१८ साली जगापुढे आली. म्हणजे खाजगी मालक वाईटच असतो असे नाही. तो चांगला निघाला, हा योग. पुढचा कसा निघेल, याची हमी सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. २०२३ साली सरकारने ती ५५२ एकरांची इस्टेट विकत घेऊन तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले.

माझा विद्यार्थी मात्र गप्प होता. परतीच्या वाटेवर तो एकदम म्हणाला, “सर, माझा अर्धा पगार भाड्यात जातो. डब्लिनमध्ये घर मिळत नाही माणसाला. आणि सरकार शेते विकत घेतंय.”

त्याला काय सांगणार? घर त्याला हवेच आहे. इस्टेटींचे तुकडे पडून विकले गेले, तर त्यांतला एकही त्याला परवडणार नाही, हेही तितकेच खरे. मी विचारले, “रविवारी कुठे जातोस?”

“इकडेच. दुसरीकडे फुकट कुठे जाता येतं?”

नदीवरच्या लोखंडी पुलाशी आम्ही गाडी थांबवली. विल्यमच्या विजयाचा उंच स्तंभ १७३६ साली इथे उभारला होता. १९२३ मध्ये तो सुरुंगाने उडवला. खडकावर त्याचा बुंधा तेवढा उरला आहे. पाचशे एकर विकत घेणाऱ्या सरकारने तो पुन्हा उभारला नाही, आणि उरलेला बुंधा उखडूनही टाकला नाही.