प्रतिस्पर्धी निवडण्याचा हक्क

मे 2024. महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, म्हणजे ‘पीडब्ल्यूएचएल’चा, पहिलाच हंगाम. सहा संघांच्या साखळीत टोरंटो पहिलं आलं आणि नियमाप्रमाणे त्यांना विचारलं गेलं: उपांत्य फेरीत कोणाशी खेळता? तिसऱ्या आलेल्या बॉस्टनशी, की चौथ्या आलेल्या मिनेसोटाशी? मिनेसोटा साखळीतले शेवटचे पाच सामने ओळीनं हरलं होतं. ऑटावाही हरलं, म्हणून मिनेसोटाचा नंबर लागला. टोरंटोनं मिनेसोटा मागून घेतलं.

पहिले दोन सामने टोरंटोनं 4-0 आणि 2-0 असे खिशात घातले. पुढचे तिन्ही हरले. 24 सामन्यांत 20 गोल करणारी नताली स्पूनर तिसऱ्या सामन्यात जायबंदी झाली हे खरं, पण मिनेसोटाच्या मुली चवताळून खेळल्या हेही तितकंच खरं. ‘हे सोपे आहेत’ असं कुणी जगजाहीर सांगितल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी पुढे बॉस्टनलाही हरवलं आणि पहिला वॉल्टर कप नेला. 2025 मध्ये माँट्रियाल अव्वल ठरलं. त्यांनी ऑटावा निवडलं आणि ऑटावानं त्यांना 3-1 असं बाहेर काढलं.

मी टोरंटोत मुलींना आइस हॉकी शिकवते. या निवडीच्या नियमावर इथले जुने जाणकार नाक मुरडतात, पोरखेळ म्हणतात. मला तो मनापासून आवडतो. पुरुषांच्या एनएचएलच्या पाठीवर शंभर वर्षांची परंपरा आहे, तिथे एक स्वल्पविराम हलवायचा तरी समित्या बसतात. 1 जानेवारी 2024 ला पहिला सामना खेळलेल्या या लीगला नियम वारशानं मिळाले नाहीत, म्हणून तिनं ते विचार करून लिहिले. नव्या प्रेक्षकानं गोल मोजण्याआधी हे नियम समजून घ्यावेत. खेळाची गोडी तिथूनच लागते.

मुळाक्षरं थोडक्यात. साधारण 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद बर्फाची रिंक, प्रत्येक बाजूला पाच स्केटर आणि एक गोली, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. रबराची चकती, म्हणजे पक, इतकी वेगानं फिरते की टीव्हीवर ती पहिले काही सामने दिसतच नाही. शोधूही नका. खेळाडूंकडे बघा, सगळ्या जिथे वळतात तिथे पक असते. आणि बाकाकडे लक्ष ठेवा. खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून खेळते आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून आत उडी घेते. तिच्या जागी दुसरी उतरलेली असते. ही अदलाबदल अर्धा सेकंद चुकली की गोल बसतो. माझ्या शिकवण्याचा निम्मा वेळ याच्यातच जातो.

आता माझा लाडका नियम. आगळीक केली की खेळाडू दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, आणि तिचा संघ चार जणींवर. दुसऱ्या बाजूला पॉवर प्ले. आजवर एका गड्यानं कमी असलेला संघ फक्त जीव वाचवायचा: पक लांब भिरकवा, वेळ काढा. या लीगनं ‘जेलब्रेक’ आणला. चार जणींच्या संघानं गोल केला, तर बॉक्समधली खेळाडू तिथल्या तिथे सुटते. कबड्डी खेळलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही: समोरचा गडी मारला की आपला बाद गडी जिवंत होतो. बचाव करणारेच चढाई करू लागतात, आणि पॉवर प्लेवाल्या संघालाही गाफील राहता येत नाही.

‘ड्राफ्ट’चं, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचंही असंच. अमेरिकी खेळांत तळाच्या संघांना पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंच्या पसंतीत झुकतं माप मिळतं, त्यामुळे हंगाम हातचा गेला की काही संघ सुखानं हरत बसतात. इथे बाद फेरीची आशा संपल्यानंतर जो संघ जास्त गुण मिळवेल त्याला पहिली पसंती. म्हणजे हरलेल्यांनाही जिंकावंच लागतं. न्यूयॉर्कनं 2024 मध्ये याच वाटेनं सारा फिलियरला मिळवलं आणि पुढच्या हंगामात ती सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत हिलरी नाइटच्या बरोबरीनं पहिली आली.

धक्काबुक्कीबद्दल हमखास विचारतात. 1990 च्या ऑटावातल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत बायकांनाही अंगानं धडक मारायला मुभा होती. त्यानंतर ती काढून घेतली गेली. पीडब्ल्यूएचएलनं ती मर्यादित स्वरूपात परत आणली. कठड्यालगत पकसाठी झुंजताना खांद्यानं रेटता येतं. माझ्या मते यानं खेळाची काहीच हानी झाली नाही. उलट आधी पंच जे ताणून धरत, ते मोकळं झालं.

हे सगळं कुणी दान म्हणून दिलेलं नाही. कॅनडाची आधीची महिला लीग 2019 मध्ये पैशांअभावी बंद पडली. अमेरिकेतली चालू होती, पण तिथे पगार पोटापुरतेही नव्हते. दोनशेहून अधिक खेळाडूंनी तेव्हा एकत्र येऊन जाहीर केलं: धड लीग मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेत कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही. ऐन उमेदीची चार वर्षं त्यांनी प्रदर्शनी सामन्यांवर काढली. अखेर बेसबॉलमधल्या डॉजर्स संघाचे मालक मार्क वॉल्टर आणि टेनिसच्या बिली जीन किंग यांच्या गटानं 2023 मध्ये ती दुसरी लीगही विकत घेतली आणि नवी मांडणी केली. पहिला सामना व्हायच्या आधी खेळाडूंच्या संघटनेशी 2031 पर्यंतचा करार झालेला होता. पहिल्या हंगामात किमान पगार 35,000 अमेरिकी डॉलर होता. टोरंटोत तेवढ्यात घर चालत नाही, पण निदान दुसरी नोकरी करून रात्री नऊला सरावाला येणं संपलं. एप्रिल 2024 मध्ये माँट्रियालच्या बेल सेंटरमध्ये टोरंटोविरुद्धच्या सामन्याला 21,105 प्रेक्षक होते. 2025-26 च्या हंगामात व्हँकूवर आणि सिअ‍ॅटल धरून संघ आठ झाले.

भारतातही हा खेळ आहे, आणि तो प्रामुख्यानं लडाखच्या मुलींचा आहे. त्यांनी 2017 मध्ये बँकॉकला फिलिपीन्सला हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला आणि 2025 मध्ये अल ऐनला आशिया चषकाचं कांस्य जिंकलं. चार ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेली कॅनडाची हेली विकेनहायझर 2018 मध्ये त्यांना शिकवायला लडाखला गेली होती. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर सराव करून पदक आणणं म्हणजे काय, हे रिंकचं भाडं तासावर मोजणाऱ्या आम्हा इथल्या लोकांना चांगलं कळतं.

सुरुवात कुठून करावी? 2025 ची अंतिम मालिका शोधा: मिनेसोटा विरुद्ध ऑटावा. चार सामने, चारही ओव्हरटाइममध्ये, चारही 2-1. मिनेसोटानं तीन जिंकले, तरी बाद फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली हरलेल्या ऑटावाची गोली ग्विनेथ फिलिप्स. आणि शेवटचा गोल लिझ शेपर्सचा. 2024 चा कप ठरवणारा गोलही तिचाच होता. ती काही पोस्टरवरची तारका नाही. थेट सामना बघायचा असेल तर हिवाळ्यात टोरंटोतले संध्याकाळचे सात म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. निकाल शाळेच्या रिक्षाआधी लागतो. ओव्हरटाइम झाला तर मात्र डब्याची सोय रात्रीच करून ठेवा.