कारभाऱ्याचा हिशेब

1967 साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आरोप केला, की निसर्गाच्या नासाडीचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे. आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. ख्रिस्ती राष्ट्रांनी जंगलं उजाड केली, डोंगर पोखरले. पण ज्या पवित्र शास्त्राच्या आधारानं हे खपवलं, त्याच शास्त्रात, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात, जमीन परमेश्वराची आणि माणूस तिच्यावरचा उपरा आहे, असं बजावलं आहे. दर सातव्या वर्षी ती पड ठेवायची आहे. अनुवाद या पुस्तकात तर घरट्यातली पिल्लं घेतली तरी वर बसलेल्या पक्षिणीला सोडून द्यावं, इतका बारीक नियम आहे. ही भाषा कारभाऱ्याला उद्देशून आहे. खुद्द व्हाइट यांनीही अखेर असिसीच्या संत फ्रान्सिसकडेच आदर्श म्हणून बोट दाखवलं होतं.

हाच न्याय देहाला लागतो, आणि इथं आपण ख्रिस्ती माणसं जास्त गाफील आहोत. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, ते तुमच्या मालकीचं नाही, असं पौल करिंथकरांना सांगतो. तो व्यभिचाराबद्दल बोलत होता, हे मान्य. पण मग तंबाखू आणि दारू त्यातून सुटतात कशा? कुणी म्हणेल, देह नश्वर, पृथ्वीही नाहीशी व्हायची, मग जपायचं कशाला? उसनं आणलेलं भांडं परत द्यायचंय म्हणून कुणी ते फोडून ठेवत नाही. शिवाय आपली आशा देहाच्याच पुनरुत्थानाची आहे. मंडळींनो, दशमांशाचा हिशेब ठेवता, तसा चर्चच्या आवारातल्या विहिरीचा आणि खिशातल्या पुडीचाही ठेवा.