मुद्दल आणि व्याज

शासकीय सेवेची तीस वर्षे आम्ही आकड्यांच्या सहवासात काढली. पणजीच्या कचेरीत राज्याच्या उत्पन्नाचे तक्ते तयार करताना 'खाणकाम' या रकान्यातील आकडा वाढलेला दिसला की आम्हांस समाधान वाटे. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले. चीनमध्ये हलक्या प्रतीच्या खनिजालाही मागणी होती आणि आमचे तक्ते भरभराट दाखवीत होते.

त्याच सुमारास डिचोली तालुक्यातील आजोळी जाणे झाले. मामींनी कुळागराच्या कडेची झर दाखविली. आमच्या बालपणी ती मे महिन्यातही वाहत असे. जवळची खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली, तशी झर आटली; खालच्या शेतात तांबडा गाळ साचला. मामींनी सहज विचारले, "तुझ्या कागदावर ही झर कुठे मांडतोस रे?" आम्ही निरुत्तर झालो.

वस्तुतः उत्तर ठाऊक होते. निव्वळ उत्पन्न काढताना यंत्राची झीज वजा होते. जमिनीतून कायमच्या गेलेल्या खनिजाची होत नाही. जागतिक बँक ही खनिजझीज राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत मांडते आणि बचतीतून वजा करून देशाची खरी बचत किती, ते पाहते. परंतु भारताच्या अवाढव्य उत्पन्नापुढे ती टक्केवारी लहान दिसते. एका तालुक्याची रिकामी झालेली टेकडी तीत कोठेच दिसत नाही. आटलेली झर तर त्या हिशेबातही येत नाही.

२०१२ साली खाणी बंद पडल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्खननास वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. २०१८ साली खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द होऊन उत्खनन पुन्हा थांबले. ट्रक आणि बार्ज यांवर पोट असलेल्या कुटुंबांचे हाल आम्ही पाहिले आहेत; म्हणून खाणी नकोतच, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

मात्र कायम निधीचे तत्त्व आपल्या जुन्या घराण्यांना नवे नाही. देवस्थानचे मूळ धन राखावे आणि व्याजावर उत्सव करावा, हे आपले वाडवडील जाणत होते. मुद्दल मोडून थाटाचा उत्सव करणाऱ्यास महाजनांनी सभेत जाब विचारला असता.

२०२५ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या नव्या राष्ट्रीय लेखापद्धतीत ही झीज उत्पादनाचा खर्च म्हणून धरली आहे. मामी आज हयात नाहीत. त्यांनी विचारलेला रकाना आमच्या हातून कोराच राहिला, याची रुखरुख मात्र सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नाही.