शारदेचा कायदा आणि आजींचे घंगाळ

यंदा सहामाही परीक्षेपूर्वी आमच्या मराठीच्या शिक्षकांनी वर्गाच्या तुकड्या पाडल्या व प्रत्येकीस एकेक विषय शोधून लिहावयास दिला. आम्हां चौघांच्या वाट्यास आलेला विषय असा होता: एकाच सामाजिक प्रश्नावरील एक नाटक, एक कादंबरी व एक बोलपट घ्यावा, आणि ज्या काळात ही निर्माण झाली त्या काळाशी त्यांस ताडून पाहावे. आम्हां चौघांपैकी एकाच्या घरी तमीळ बोलतात, दुसऱ्याच्या घरी कोकणी व तिसऱ्याच्या घरी गुजराती. मराठी घर काय ते एकाचेच. माटुंग्यास यात नवल असे काही नाही. तेव्हा आरंभ कोठून करावा हा प्रश्नच उरला नाही. आम्ही त्या एका घरी, माटुंगा रोड स्थानकाच्या बाजूस, आमच्या मित्राच्या आजींकडे गेलो.

आजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. आमचा विषय ऐकताच त्या म्हणाल्या, "त्यात शोधायचे काय आहे, बाळांनो? देवलांचे 'शारदा' घ्या. त्या नाटकामुळे बालविवाहाचा कायदा झाला, म्हणून तर त्याला शारदा कायदा म्हणतात. आणि त्या कायद्यानेच माझी आई वाचली. एका बिजवराचे स्थळ तिला आले होते, ते मोडले." एवढे बोलून आजींनी आमच्या पुढ्यात लाडवांचा डबा ठेवला. आमचा अर्धा निबंध तेथेच झाला असे आम्हांस वाटले. घरी येऊन आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'ज्या नाटकाने कायद्यास आपले नाव दिले.'

शिक्षकांनी ते पान वाचले आणि एवढेच विचारले, "हे कशावरून?"

त्या प्रश्नाने आम्हांस दादरला, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात नेले. ही संस्था १८९८ साली स्थापन झाली. म्हणजे 'संगीत शारदा'हून ती एका वर्षाने मोठी. तेथे दोन शनिवार बसून आम्ही जे टिपून घेतले त्याने आमचे पहिले पान फाडावे लागले.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली इंदूर येथे केला. देवलांची बाकीची नाटके संस्कृत, इंग्रजी वा फ्रेंच कृतींच्या आधाराने रचलेली आहेत. हे एकच त्यांचे सर्वस्वी स्वतंत्र. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न भुजंगनाथ नावाच्या जख्ख म्हाताऱ्याशी ठरवितो, आणि कोदंड हा तरुण ते मोडतो, ही कथा आमच्या वाचकांच्या वडील मंडळींस ठाऊक असेलच. देवल १९१६ साली वारले. कायदा झाला तो त्यानंतर तेरा वर्षांनी. केंद्रीय विधिमंडळात १९२७ साली त्याचा मसुदा मांडणारे गृहस्थ अजमेरचे; त्यांचे नाव हरबिलास सारडा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले हे आडनाव मराठीत शारदा असेही वाचता येते, आणि ज्या प्रांतात 'शारदा'ची पदे घरोघर म्हटली जात, तेथे ते तसेच वाचले गेले यात आश्चर्य नाही. कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा, ही त्याने घातलेली मर्यादा. ती मोडल्यास दंड व एक महिन्यापर्यंत साधी कैद होई. परंतु झालेले लग्न रद्द होत नसे.

नाटक पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. शारदेचे लग्न मोडते ते ती लहान आहे म्हणून नव्हे, किंवा तिला ते नको आहे म्हणूनही नव्हे. वधूवर सगोत्र आहेत असे उघडकीस येते म्हणून. १८९९ साली प्रेक्षकांपुढे म्हाताऱ्यास थांबविण्यास शास्त्राचाच आधार घ्यावा लागला. शारदा रडते, आईस बोल लावते. परंतु तिच्या 'नाही' म्हणण्याने काही अडत नाही. आणि रंगभूमीवर तिचे ते दुःख बोलून दाखवी तोही पुरुषच, कारण त्या मंडळीत स्त्रियांची कामे पुरुष करीत.

याच्या शेजारी आम्ही नारायण हरी आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी व तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी १९३७ साली काढलेला 'कुंकू' हा बोलपट ठेवला. येथेही पैशासाठी फसवून एका तरुण मुलीचे लग्न म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. परंतु शांता आपटे यांची नीरा कोणी कोदंड येण्याची वाट पाहत नाही. ती त्या घरात राहूनच पतीस पती मानण्याचे नाकारते. बोलपटात ती लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तेव्हा आमच्यातील तमीळ मित्र आनंदाने टाळ्या वाजवू लागला; त्याच्या वडिलांनी ती त्यास पाठ करविली होती. अडतीस वर्षे सरली, मधल्या काळात एक कायदा होऊन गेला, आणि शारदेस जे म्हणता आले नाही ते नीरा म्हणू लागली, असा आमचा निष्कर्ष तयार झाला. आम्हांस तो फारच आवडला.

कायद्याच्या नावाची चूक आता आजींस सांगणे प्राप्त होते. कोणी सांगावे यावर आम्हां चौघांत बराच वाद झाला, आणि शेवटी नातवावरच ते काम आले. आजी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "असेल. मग माझी आई वाचली ती कशाने, तेही शोधा." आणि न्हाणीघराच्या माळ्यावरून त्यांनी एक पितळी घंगाळ खाली काढविले. जुन्या चालीप्रमाणे त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी अक्षरे कोरलेली होती: पणजीचे माहेरचे नाव, 'लग्नात मामाकडून भेट', आणि 'माघ, शके १८५१'.

शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, एवढे आम्हांस ठाऊक होते. उत्तर आले १९२९. म्हणजे लग्न कायद्याच्या आधीचे, आणि कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही. तसे आम्ही लिहून टाकले. परंतु वही तपासताना शिक्षकांनी त्या आकड्याखाली रेघ ओढली. शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत. म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांस, माघ व फाल्गुन यांस, एकोणऐंशी मिळवावे लागतात. माघ शके १८५१ म्हणजे १९३० चा फेब्रुवारी. कायदा संमत झाला होता, आणि लागू होण्यास महिना दोन महिने उरले होते.

त्याच सुमारास काय घडले होते हे आम्ही वाचले होते. फक्त ते आमच्या मित्राच्या घरात घडले असेल असे मनात आले नव्हते. १ एप्रिलपूर्वी लग्ने उरकून घेण्याची देशभर घाई उडाली होती. १९३१ च्या जनगणनेत विवाहित बालकांची संख्या कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, ती यामुळे. पणजीचा जन्म इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथीनंतरच्या वर्षी, १९१९ साली झालेला. बिजवराचे स्थळ मोडले हे खरे. परंतु त्याच हंगामात दुसऱ्या एका मुलाशी तिचे लग्न लावून दिले. तेव्हा तिला दहा पुरी होऊन अकरावे लागले होते.

आजींनी हे शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "आई सांगायची, तिचे आणि तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न एकाच मांडवात झाले. खर्च वाचावा म्हणून, असे ती म्हणायची. आम्ही तेवढेच ऐकले. तिचे वय काही कधी कोणी मोजले नाही." त्या दिवशी लाडवांचा डबा निघाला नाही. आम्ही वही मिटून घरी आलो.

पुढे काय करावे हे आम्हांस सुचेना. एकाचे म्हणणे, नाटक व बोलपट यांवर निबंध पुरेसा झाला आहे. घंगाळ त्यात कशास हवे? दुसऱ्याचे म्हणणे, ते वगळले तर आपला आवडता निष्कर्ष खोटा पडतो. कायदा झाला आणि मुली बोलू लागल्या, इतके ते सरळ नव्हते. कायद्याच्या भीतीनेच कित्येकींचे बालपण आणखी लवकर संपले. शिक्षकांस विचारले तेव्हा ते म्हणाले, "भांडे तुमचे नव्हे, आजींचे आहे. त्यांना विचारा."

आजींनी विचार करण्यास दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या प्रदर्शनासाठी घंगाळ आले, ते चिंच लावून घासलेले, अक्षर न् अक्षर वाचता येईल असे. सोबत नातवाकडून निरोप होता: "आईचे नाव लिहू नका, पण वय लिहा. आणि तेही अक्षरी लिहा. आकड्यांची चूक होते." आम्ही तक्त्यावर तसेच लिहिले: 'वधूचे वय दहा वर्षे.' त्याखाली पुढील मर्यादाही क्रमाने दिल्या: १९४९ साली मुलीस पंधरा, १९७८ साली मुलीस अठरा व मुलास एकवीस, आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. आजी प्रदर्शनास आल्या, त्या तक्त्यापुढे पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या, आणि जाताना नातवास म्हणाल्या की 'कुंकू' त्यांना पुन्हा एकदा पाहावयाचा आहे.

आमच्या वाचकांस शेवटी एकच विनंती. घरातील जुनी पितळी भांडी मोडीत देण्यापूर्वी त्यांच्या काठावरील अक्षरे वाचून पाहावी, आणि महिना माघ किंवा फाल्गुन असल्यास एकोणऐंशी मिळवावे.