उरलेलं काम

भंडाऱ्यात आम्ही ख्रिस्ती माणसं थोडी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांवर गेली, पण त्यात आमची घरं शोधावीच लागतात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. पुढे स्कॉटिश मिशनचं काम वैनगंगेकाठी पोचलं, शाळा निघाली, दवाखाना निघाला, आणि त्या आवाराच्या आसऱ्याने आमच्यासारख्या कुटुंबांचा ख्रिस्ती संसार सुरू झाला. एवढ्याशा मंडळीत माणूस माणसाला घडवतो. मला ज्यांनी घडवलं, त्या मिशनच्या दवाखान्यात तयार झालेल्या एक परिचारिका होत्या. लहानथोर सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मीही तेच म्हणते. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाबद्दल आज मला जे थोडंफार कळतं, ते या बाईंच्या हातून आलेलं आहे, आणि हे लिहिणं म्हणजे ते ऋण मोकळेपणाने मान्य करणं आहे.

लहानपणी आमच्यासाठी सण म्हणजे नाताळ. नवे कपडे, करंज्या, कागदी चांदणी, रात्रीची गाणी. ईस्टर यायचा तो एप्रिलच्या उन्हात, परीक्षांच्या दिवसांत. झावळ्यांच्या रविवारी हातात शिंदीची झावळी मिळायची, उत्तम शुक्रवारी दुपारभर सात उद्गारांवरची प्रवचनं चालायची, आणि रविवारी पहाटे डोळे चोळत उपासनेला जायचं. येशू मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे मला तोंडपाठ होतं. संडे स्कूलमध्ये त्यासाठी बक्षीसही मिळालं होतं. त्याचा मी लावलेला अर्थ इतकाच की चांगली माणसं मेल्यावर वर जातात. त्या अर्थाला माझ्या घराशी, शाळेशी, गावाशी काही देणंघेणं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मी कॉलेजात असताना आई गेली. घर माणसांनी भरलं. देवाची इच्छा, असं एकेक जण म्हणून गेला. त्यांच्या मनात माया होती, पण त्या शब्दांखाली मी अधिकच गुदमरत होते. मोठ्या बाई आल्या त्या बोलल्याच नाहीत. त्यांनी पाणी तापवायला ठेवलं, खोलीतल्या पुरुषांना बाहेर जायला सांगितलं आणि मला आत घेतलं. आईला त्यांनी आंघोळ घातली. जिवंत माणसाला घालावी तशी: मानेखाली हात देऊन, कानामागचा साबण नीट धुऊन, पाणी डोळ्यांत जाऊ न देता. नखं कापली. केसांना खोबरेल लावून भांग काढला, वेणी घातली. आजारपणात आईच्या पाठीला जखम झाली होती. ती पुसून त्यांनी त्यावर स्वच्छ कापडाची घडी बांधली. आता तिचा काय उपयोग, असं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. बाई म्हणाल्या, "पोरी, हा देह देवानं घडवलाय. टाकायची वस्तू नाही ही." मग मला जवळ घेतलं. "रडून घे. येशूबी रडला होता."

पुढे त्यांनी मला योहानाच्या शुभवर्तमानातला लाजराचा अध्याय काढून दिला. लाजर मेला आहे, येशू त्याला उठवणार आहे, आणि हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेपाशी तो रडतो. ज्याच्या हाती जीवन आहे तोच मरणापुढे रडत असेल, तर विश्वासणाऱ्याने डोळे कोरडे ठेवायचे ही सक्ती कुठून आली? माझ्या मनावरचा फार मोठा भार त्या अध्यायाने उतरवला. आणि आंघोळीचा अर्थ? तो हळूहळू उलगडत गेला. येशूचा आत्मा तेवढा वर गेला, असं शुभवर्तमानं सांगत नाहीत. कबर रिकामी होती, असं सांगतात. उठलेल्या प्रभूने भाजलेली मासोळी खाल्ली. तिबिर्य समुद्राच्या काठावर निखाऱ्यांवर मासे भाजून त्याने रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारी दिली. देवाने देह टाकून दिला नाही. म्हणून बाईंनाही आईचा देह टाकून देता येत नव्हता. रुग्णाचं भांडं उचलण्यापासून मेलेल्याचं तोंड पुसण्यापर्यंत त्यांची सगळी सेवा या एका विश्वासावर उभी होती.

नागपुरात बी.एड. करत असताना मला प्रश्न पडू लागले. सोबतच्या मुली विचारत, मेलेला माणूस उठतो यावर तू खरंच विश्वास ठेवतेस? माझ्याकडे उत्तर नसे. सुट्टीत घरी आले की मी बाईंसमोर ते प्रश्न ओतायची. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सावकाश वाचायला लावला. हे पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिलेलं. पौल त्यात साक्षीदार मोजून सांगतो: पेत्र, बारा जण, एका वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब. त्यांतले बरेच जण अजून हयात आहेत, असंही म्हणतो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फोल आहे, हेही तो लपवत नाही. शंकेला इतक्या उघडपणे सामोरं जाणारा माणूस पाहून मला धीर आला. पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाला येशूने हाकलून दिलं नाही, आपल्या जखमा दाखवल्या. त्या जखमा उठलेल्या देहावरही राहिल्या होत्या, याकडे बाईंनीच माझं लक्ष वेधलं. पुनरुत्थान म्हणजे दुःख घडलंच नव्हतं असं म्हणणं नव्हे, एवढं त्या दिवशी मला समजलं.

त्याच काळात बाईंनी त्यांची जुनी 'स्मृतिचित्रे' माझ्या हाती दिली. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यात आपल्या पतीच्या धर्मांतराची आणि आपल्या ताटातुटीची हकीकत इतक्या सरळपणे सांगितली आहे की मी ते पुस्तक एका बैठकीत संपवलं. नारायण वामन टिळकांना नवा करार पहिल्यांदा मिळाला तो १८९३ मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. ती वाट आमच्याच जिल्ह्यातून जाते: वरठीचं भंडारा रोड, मग तुमसर रोड, आणि १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेलं गोंदिया. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले. आमच्या मंडळीत ते टाळांवर गायले जातात. त्या अभंगांतला ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. टिळक त्याला हाक मारतात, त्याच्याशी भांडतात, त्याच्याकडे हट्ट करतात. होऊन गेलेल्या थोर माणसाची आपण आठवण काढतो; बोलतो ते जिवंत माणसाशी. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, याचं मला पटलेलं पहिलं उत्तर हे होतं. वादात कोणाला हरवून ते मिळालं नव्हतं. लहानपणापासून गात आलेल्या गाण्यांतच ते होतं, फक्त मला दाखवणारं कोणीतरी हवं होतं.

नोकरी लागली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागले. आमच्या मुलांचे आईबाप धानाच्या बांधीत राबणारे. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकायचे, ते हातभर वाढले की उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखलात रोवणा करायचा. उपटलेलं रोप दोन दिवस मान टाकतं, पिवळं पडतं, मेलंच असं वाटतं, आणि मग मूळ धरून फुटवे काढतं. पौल त्याच पंधराव्या अध्यायात पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो. बांधावर उभी राहून मला ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

मग २०२० साल आलं. १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही टाळेबंदीत, बंद दारांआड काढला. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, भंडाऱ्याच्या वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, घरं आणि धान दोन्ही गेलं. आणि ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. दहा बाळं गेली. त्या दिवसाबद्दल या जिल्ह्यातल्या कोणालाही आवाज न चढवता बोलता येत नाही. मोठ्या बाई तेव्हा थकल्या होत्या, काठीशिवाय चालत नव्हत्या. उभी हयात त्यांनी बाळं हातात घेतली होती. बातमी ऐकून त्या दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "त्या आयांना देवाला आवडली असं कोणी म्हणू नये. देवाला असं आवडत नाही."

मी त्या वाक्यावर फार दिवस विचार केला. पौल मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. देवाचा निरोप्या म्हणत नाही, देवाची इच्छा म्हणत नाही. ख्रिस्ताला उठवून देवाने मरणाविरुद्ध आपली बाजू जाहीर केली. म्हणून ख्रिस्ती माणसाला चुकीच्या मरणाला चुकीचं म्हणता येतं. बाळांच्या कक्षातली वायर, यंत्र, रात्रपाळी, पहारा यांबद्दल प्रश्न विचारणं हा मग विश्वासाचाच भाग होतो. वर सगळं ठीक होईल म्हणून इथल्या आगीकडे डोळेझाक करायची मुभा पुनरुत्थान देत नाही. बाई आयुष्यभर प्रार्थना करत आल्या आणि आयुष्यभर सुया उकळत आल्या. त्या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्याच नाहीत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या मंडळीतली माणसं गेली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले देह थेट दफनभूमीत गेले. कोणाला आंघोळ नाही, कोणाचा भांग नाही. बाईंना याचं फार लागलं. तेव्हा एका दुपारी त्यांनी मला मार्काच्या शुभवर्तमानातला शेवटचा अध्याय वाचायला सांगितला. मरीया मग्दालिया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे सुगंधी द्रव्यं घेऊन पहाटे कबरेकडे निघतात. शब्बाथ लागल्यामुळे देहाची शेवटची सेवा घाईत झाली होती, ती पुरी करायची होती. धोंड कोण लोटेल, ही त्यांची वाटेतली काळजी. या बायका काही चमत्कार बघायला निघाल्या नव्हत्या, उरलेलं काम करायला निघाल्या होत्या. आणि पहिली वार्ता त्यांनाच मिळाली. घरात दार लावून बसलेल्या प्रेषितांना ती त्यांच्या तोंडून कळली, आणि लूक लिहितो की प्रेषितांना ती बडबड वाटली. हा उतारा मी दर ईस्टरला ऐकला होता. बाईंसोबत वाचला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या बायका मी पाहिलेल्या आहेत. आईच्या खोलीत पाणी तापवणारी बाई त्यांच्यातलीच.

पौलाचा तो लांब अध्याय अठ्ठावन्न वचनांचा आहे. मरण गिळलं गेलं, नाश पावणारं अविनाशी झालं, इतक्या उंचीवर तो जातो, आणि शेवटच्या वचनात थेट रोजच्या कामावर येतो: प्रभूच्या कामात गढून राहा, तुमचे श्रम वाया जात नाहीत. आज ख्रिस्ती माणसाला पुनरुत्थान काय देतं, असं मला कोणी विचारलं तर मी या वचनाकडे बोट दाखवते. रुग्णाची बदललेली चादर, तुमसरच्या पोराला शिकवलेली बाराखडी, पुरानंतर शेजाऱ्याच्या घरातला उपसलेला चिखल, यातलं काहीही मरणाच्या हाती शेवटी लागत नाही. देव ते सांभाळतो. मरणाची भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीपोटी हातातलं काम सोडावं असं आता वाटत नाही.

काही काळाने मोठ्या बाई गेल्या. त्यांना आंघोळ घालायचा मान मला मिळाला. हात थरथरत होते, पण काय करायचं ते माहीत होतं. तेव्हापासून मंडळीत कोणी बाई गेली की निरोप येतो आणि मी जाते. गेल्या काही वर्षांत दोघी तरुण मुली सोबत येऊ लागल्या आहेत. मानेखाली हात कसा द्यायचा, ते मी त्यांना शिकवते. त्या प्रश्न विचारतात, मी कधी घाबरून विचारलेले तेच. मी त्यांना पंधरावा अध्याय काढून देते आणि उत्तर सापडेपर्यंत सोबत बसते. माझ्या पदरात जे पडलं ते सगळं उसनं आहे. मोठ्या बाईंनी ते त्यांच्या आधीच्या कोणाकडून घेतलं होतं, आणि मागे मागे जात ते त्या पहाटे निघालेल्या तीन बायकांपर्यंत पोचतं. हे ऋण पुढच्याच्या हाती देऊनच फेडायचं असतं, आणि ख्रिस्त उठला आहे म्हणून ते देत राहण्यात अर्थ आहे.